बारा पानांचा निकाल

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारी नातेवाईक बसलेत! दुसऱ्याची चूक सापडली की आपल्याला आनंद होतो. होतो ना? मग तो आनंद कशाचा? खरं-खोटं निवडलं गेलं याचा — की नेमका तोच माणूस चुकला याचा?

बघा, पुढच्या ओळीतल्या काकूंनी लगेच पदर सावरला!

दुजियाची चूक । दिसता आनंद ।
त्याचा मूळ कंद । शोध आधी ॥

ओळ माझीच आहे, चाल वडिलांची. मागच्या उत्सवापर्यंत या जागी ते उभे असायचे. पेटीवर हेच दिगूदादा, त्यांचे शिष्य. आणि वडील मला भर कीर्तनात म्हणायचे, "सूर दिगूकडून घे गं!" तुम्ही हसायचात. मीही हसायचे. वडील गेले तेव्हा दिगूदादा परगावी होते. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. असो. आख्यान ऐका.

एक देश होता. कुठला? नाव नाही सांगणार! राक्षसांची गोष्ट असती तर बेधडक सांगितलं असतं, ही निवडणुकीची आहे!

तर त्या देशात मोठ्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणजे प्रचार आला. प्रचाराला पैसा कोण देणार? शेठ! शेठ आज हसत देतो आणि पुढं पाच वर्षं वसूल करतो! म्हणून त्या देशानं शहाणपणा केला. प्रचाराचा खर्च सरकारी खजिन्यातून! पण उठेल त्याला नाही हं. मतदारसंघातल्या पाच हजार मतदारांनी नाव, पत्ता आणि सही देऊन पाठिंबा दाखवायचा. त्या सह्या तपासणार प्रचारनिधी मंडळ. आणि मंडळाचा निर्णय पटला नाही, तर न्यायालयात दाद!

आता नीट ऐका, सगळी मेख इथंच आहे. न्यायालय तिथं 'मंडळाच्या जागी मी असते तर काय केलं असतं' हे बघत नाही. मंडळ कायद्यानं वागलं का, एवढंच बघायचं. निर्णय तपासायचा, निर्णय देणारा माणूस नाही! बोलायला सोपं आहे... घरात सुनेनं केलेली आमटी तपासताना आपण आमटीच तपासतो का हो?

तर त्या न्यायालयात उत्तराबाई न्यायाधीश होत्या. आणि मंडळाच्या अध्यक्ष होत्या मंदाबाई. दोघी एकाच गावच्या, एकाच ओसरीवर शिकलेल्या. ती ओसरी आप्पांची. आप्पा म्हणजे उत्तराबाईंचे वडील, तालुक्याच्या कोर्टातले वकील. मंदा ही त्याच कोर्टातल्या शिपायाची मुलगी. हुशार पोर म्हणून आप्पांनी तिला लेकीबरोबर शिकवायला घेतलं.

उत्तरा एखाद्या कलमावर अडली की आप्पा चष्म्यातून न बघता म्हणायचे, "मंदाला विचार."

चाळीस वर्षं, मंडळी! "मंदाला विचार!" उत्तरा परीक्षेत पहिली आली, आप्पा म्हणाले, "छान. मंदाचं काय झालं?" उत्तरा न्यायाधीश झाली, शपथ घेऊन खाली आली, वाकून नमस्कार केला. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं काय? "मंदाला कळवलंस का?"

काटा पायात मोडला तर काढता येतो. जिव्हाळ्याच्या माणसानं प्रेमानं टोचला, तर कुठून काढायचा?

मग आप्पा आजारी पडले. शेवटच्या दिवशी लेक उशाशी बसलेली. आप्पांनी डोळे उघडले. "मंदा आली का?" उत्तराबाई म्हणाल्या, "येतेय, आप्पा." तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. आणि आप्पा वाट बघत गेले.

मंडळी, मंदा येत नव्हती. कारण तिला निरोपच धाडला नव्हता.

थांबा. च्च् च्च् करू नका! आधी ऐका.

चार महिने गेले. निवडणूक आली. आणि उत्तराबाईंच्या टेबलावर एक फाईल आली. अर्जदार गोजराबाई. पाथरवटाची बाई, गावोगाव हिंडून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून देणारी. हिंडणाऱ्या लोकांना कुणी वाली नाही, म्हणून स्वतःच उभी राहिलेली! पाच हजार सह्या जमवल्या. त्यातल्या सातशे बारा जणांनी पत्त्यात लिहिलं — 'पालावर, गावाबाहेरचा माळ.' मंडळाच्या छापील नमुन्यात रकाना होता 'घर क्रमांक'. कापडाच्या पालाला कसला क्रमांक? सातशे बारा सह्या बाद! प्रचाराचा खर्च नामंजूर! खाली सही — मंदाबाईंची.

उत्तराबाईंनी कायदा काढला. कायद्यात शब्द होता 'पत्ता'. घर क्रमांक नव्हताच! आणि मंडळी, बाईंच्या छातीत असं काही उसळलं म्हणून सांगू! चाळीस वर्षांत पहिल्यांदा... मंदा चुकली!

सकाळी सुनावणी झाली. उत्तराबाईंनी आधीच सांगितलं, "मंडळाच्या अध्यक्ष आणि मी एकत्र शिकलो आहोत. कुणाची हरकत?" दोन्ही वकील म्हणाले, "नाही." बघा, तेवढा प्रामाणिकपणा होता! एकत्र शिकलो हे सांगितलं. पुढचं कोण सांगतं?

वकील बोलले, निकाल उद्यावर ठेवला. आणि दुपारी बाईंनी निकाल सांगायला घेतला. टंकलेखक होते काणेकर, निवृत्तीला आलेले. बाई सांगताहेत, काणेकर टंकताहेत. 'अध्यक्षांना कायद्याचं प्राथमिक ज्ञान असावं, ही अपेक्षा...' काय धार! 'अध्यक्षांची ही हलगर्जी...' बारा पानं झाली! बाईंना वाटलं, आप्पा असते तर वाचायला दिली असती.

काणेकरांनी पानं टेबलावर ठेवली, पण ते जाईनात.

"काय हो काणेकर?"

"काही नाही, बाईसाहेब. तीस वर्षं निकाल टंकतोय. सवयीनं एक लक्षात आलं."

"बोला की."

"अर्जदारबाईंचं नाव यात दोनदाच आलंय. अध्यक्षांचं मी मोजायचं सोडून दिलं." आणि पुढं हळूच म्हणाले, "कुणाचा निकाल आहे, ते वर लिहायचं असतं. म्हणून विचारलं."

टंकलेखक हो! पण देव कुणाच्या तोंडून बोलेल, सांगता येतं का?

बाईंनी बारा पानं पुन्हा वाचली. गोजराबाईंवर एक पान. मंदावर अकरा!

दुसऱ्या दिवशी न्यायालयात बसल्या. निकाल हातात. पण वाचेनात. समोर बघून म्हणाल्या, "गोजराबाई, तुमचे वकील बोलले. तुम्हाला काही सांगायचंय?"

गोजराबाई उठल्या. "सांगायचं काय, बाईसाहेब? घराला नंबर असतो, पालाला कुठला? पण आमी उतरलो की गावचं कुत्रं बराबर पत्ता काढतंय. भुंकत थेट पालाशीच येतंय! कुत्र्याला गावतो तो पत्ता सरकारला गावंना!"

सगळं न्यायालय हसलं. बाईही हसल्या.

"आन् त्या मंडळातल्या बाईंना बोल लावू नगा," गोजराबाई म्हणाल्या. "त्यांनी मला खुर्ची दिली बसाया. म्हनल्या, नमुना सरकारचा हाय, मी बदलला तर उद्या कुनीबी येऊन खोट्या सह्या खपवंल. तुमी कोर्टात जा, तिथं बदलता येतंय. मी म्हनलं, कोर्टात मला कोन वळखतंय? तर म्हनल्या, तिथं उत्तराबाई हैत. आमचे आप्पा सांगायचे — अडलं तर उत्तराला विचार."

"काय?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "काय सांगायचे?"

"उत्तराला विचार. जलमभर हेच ऐकलं, म्हनल्या. लई राग यायचा, म्हनल्या."

मंडळी! तिकडंही काटा होता हो! म्हातारा दोघींना एकमेकींकडं पाठवत होता, आणि दोघी आपापल्या पायातलं रक्त पुसत बसल्या होत्या.

उत्तराबाईंनी पाणी घेतलं. मग बारा पानांतलं एक वेगळं काढलं आणि तेवढंच वाचलं. कायदा पत्ता मागतो, घराचा क्रमांक नाही. छापील रकाना कायद्यापेक्षा मोठा नाही. माणूस जिथं सापडतो, तो त्याचा पत्ता. सातशे बारा सह्या ग्राह्य. मंडळाचा आदेश रद्द. प्रचाराचा खर्च आठ दिवसांत द्यावा.

म्हणजे बघा, मंदाबाईंचा निर्णय रद्दच झाला! निकाल देणारीच्या मनात मत्सर होता म्हणून समोरच्याची चूक बरोबर ठरत नाही, मंडळी. चूक ती चूकच. फक्त तिच्याआडून दुसऱ्या कुणाला फटके मारायचे नाहीत.

गोजराबाई निवडून आल्या का? नाही आल्या! सपशेल पडल्या! पण त्या वर्षी पालावरचा आवाज पहिल्यांदा भोंग्यातून गावात शिरला, आणि त्या भोंग्यासाठी कुण्या शेठची पायरी चढावी लागली नाही.

आणि उरलेली अकरा पानं? ती फाडून टाकता आली असती. पण मग त्या निरोपाचं काय? निकाल लागल्यावर, निवडणूक आटोपल्यावर, उत्तराबाई मंदाबाईंच्या घरी गेल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, "मंदा, आप्पा तुला बोलवत होते. शेवटच्या दिवशी. तीनदा."

"मला कुणी कळवलं नाही."

"मी कळवलं नाही."

मंदाबाई वळून आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. उत्तराबाई तिथंच उभ्या. जायला पाय निघेना, आत यायला कुणी म्हणेना. मग मंदाबाई बाहेर आल्या. चेहरा धुतलेला.

"बस," म्हणाल्या.

एवढंच. त्या पुढं काय बोलल्या, मला ठाऊक नाही. मत्सर गेला का? छे हो! तो काही पाहुणा आहे, निरोप दिला की जायला? तो घरचाच. पण उत्तराबाई त्याला न्यायाच्या खुर्चीवर बसू देईनात, इतकं नक्की.

मंडळी, आपल्यालाही अशी एक एक खुर्ची मिळालेली असते. भावाच्या वाटणीवर, जावेच्या मुलांवर, शेजारणीच्या सुनेवर आपण रोज निकाल लिहितो. आज घरी गेलात की तो निकाल काढा. त्यात गोष्टीवर एक पान असेल. उरलेली अकरा कुणावर आहेत, बघा. आणि एखादा निरोप सांगायचा राहिलाय का, तेही बघा.

मी बघितलं.

दिगूदादा... वडिलांनी तुमचं नाव घेतलं होतं. निरोप वाटेत नव्हता अडकला. मी तो उशिरा धाडला.

सूर द्या.