चौदा-तेराचा तो बॉल

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं धाकटे, तू होय! हात ओले होते, नावच बघितलं नाही… हो, बऱ्या आहेत आई. तुझ्या माहेरी सगळे ठीक?… चार दिवस झाले गं तुला जाऊन. मी म्हणतच होते, आज फोन करावा… हं, बोल ना.

काय?… माफी? कशाची माफी?… नाही, नाही, अगं ऐक ना… तुझ्यामुळे नाही हरलो आपण… अगं पुरे! मला बोलू देशील?

आपल्या व्हॉलीबॉलच्या सरांनी काल मॅचचा व्हिडिओ पाठवला, तो बघितलास?… मी बघितला. तीनदा… शेवटचा सेट, त्या चौदा, आपण तेरा. बॉल तुझ्या-माझ्या मधोमध येतो. आणि कुणीतरी ओरडतं, 'माझा!'… तू नाही गं. मी. माझाच आवाज. तो ऐकून तू बाजूला झालीस, व्हायलाच हवं होतं. आणि मी आपली उभी. खांबासारखी. माझ्या पायाशी पडलाय बॉल.

वाटलं, बाहेर जाईल… नाही, हेही खोटंच. घाबरले. कॉलेजात एकेरी बॅडमिंटन खेळायचे, चुकलं तर एकटीचं चुकायचं. इथे पाच जणी माझ्याकडे बघणार… हो, म्हणून तुझ्यावर ओरडले. सगळ्यांदेखत… 'झोपली होतीस का'… हो. 'घरात तशी, मैदानात तशी.' तेही आहे व्हिडिओत. स्वतःचं तोंड बघवत नाही गं मला.

आणि सरांनी टीमच्या ग्रुपवर प्रत्येकीला आपापली चूक लिहायला सांगितली, तर मी काय लिहिलं?… वाचलंस?… 'जोडीदारावर जास्तच विश्वास टाकला.' टीममधल्या त्या केमिस्टबाईंनी वर अंगठाही दिला त्याला.

काय म्हणालीस?… तो आवाज माझा होता, हे तुला कळलं होतं? तेव्हाच?… अगं, मग मघाशी माफी कसली मागत होतीस!… घरात शांतता राहावी म्हणून?… असं नको ना बोलूस. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालंय मला.

नाही, सरावाला ये असं म्हणतच नाहीये मी… हो. गुरुवारी सगळ्या जमतील तेव्हा सांगते, सरांसमोर सांगते… मग?… मैदानाचं नाही?… कुठलं मग?

हं… मॅचच्या रात्रीचं जेवण… हो, हिच्यामुळे हरलो म्हणत मीच नक्कल केली तुझी. हात वर करून. सगळे हसले… भावजी पण हसले, हो, तुझा नवरा असून. तू ताटावरून उठलीस… मला वाटलं, पोट बिघडलं असेल… नाही. नाही वाटलं तसं. कळलं होतं मला.

सांगते. आईंना, भावजींना, सगळ्यांना… कधी म्हणजे, बघते, जरा वेळ बघून… नाही गं, टाळत नाहीये… आत्ता? आत्ता सगळे जेवायला बसलेत, मी इकडे ओट्याशी…

बरं. ठेवू नकोस फोन. ऐक तू… चालतेय मी, ऐकतेयस ना?

भावजी, तो टीव्ही जरा बंद करा. आई, तुम्ही पण ऐका… धाकटीच आहे फोनवर. त्या दिवशी मी जेवताना जे सांगितलं ना, ते खोटं होतं. तो बॉल माझा होता. मीच 'माझा' म्हणून ओरडले, मीच सोडला, आणि तिच्या माथी मारला… नाही भावजी, हसू नका. हसण्यासारखं काही नाही यात.

हॅलो?… ऐकलंस?… काय?… भावजींना देऊ?… हो. हो, देते. घ्या भावजी, तिला तुमच्याशी बोलायचंय.