दांडीवरचं वजन

— ओढन, साहेब, ओढन. त्याची चिंता तुम्ही करू नोका. लँडमास्टर मोटर आहे, इंजिनात दम आहे, ओढाले काय, बैल बी ओढते. जो येते तो हेच इचारते, 'युनूसभाई, ओढन काय?' अन् मी म्हणतो, बापा, ओढन का नाही ते कायले इचारता, थांबन का नाही ते इचारा! बसा. त्या डब्यावर नोको, तेलाचा आहे, धोतराची वाट लागन — इकडे, या टायरवर. अन् घडीभर बोलू नोका, मले पह्यले चित्र पाहू द्या.

हे बाहेरच्या मासिकातलं आहे ना? झकास आहे. समोर मोटर, मागं घर. खिडकीले पडदा बी आहे, पाहा. अन् हा तुमच्या सुताराचा नकाशा — बरं. तुम्ही, बाई अन् तीन पोट्टे. चिखलदऱ्याले जाचं, झाड दिसलं का थांबाचं, तिथंच रांधाचं, तिथंच निजाचं. करा, हौसेले मोल नसते. पण चालत्या गाडीत मागं कोणी बसनार नाही ना? नाही? पक्कं? बरं. ते बरं. पोट्टे हट्ट करतीन, तरी बसवू नोका. आता हे पाहा — चूल मागं, पाण्याची टाकी मागं, भांड्याची फळी मागं, दार बी मागं. काहून? दार उघडलं का सगळं हाताशी पाह्यजे म्हणून. सुताराचं काय चुकलं? त्यानं घर बनवलं. घराले चाकं लावले का ते घर राहत नाही, साहेब, ती बंडी होते.

बंडी भरताना पाह्यली असन तुम्ही. मागं कापूस जास्त झाला का जू वर उचलते, बैलाचा गळा आवळते. त्याले उलाळ म्हणते. गाडीवान मंग काय करते? दोन बोजे समोर सरकवते, नाही तं सोता समोर जाऊन बसते. मोटरीचं बी तेच. वजन थोडं समोर पाह्यजे, घराले मोटरीशी जोडते त्या दांडीवर. लई बी नोको, नाही तं मोटरीचे मागचे पाटे दबते अन् समोरचे चाकं हलके होते. पण थोडं पाह्यजेच. दांडी उचलताना माणसाची कंबर वाकली पाह्यजे. एका हातानं उचलली गेली, तं समजा — उतारावर ते घर शेपटीवानी हलन. डाव्या हाताले, उजव्या हाताले, डाव्या हाताले… अन् मंग मोटर घराले ओढत नाही, घर मोटरीले ओढते. तवा इंजिन नवं असो का जुनं, काही कामाचं नाही.

एक माणूस होता, इथलाच, यवतमाळातला. नाव कायले पाह्यजे? मेकॅनिकच होता, पण अकलेची लई घमेंड. त्याच्या मायले लकवा झालता, कंबरेखालचं सगळं गेलतं. तिची एकच बहीण, वणीले. रोज एकच गोष्ट — मले सुग्राले एकडाव भेटू दे, मंग मी मेली तं मेली. एस.टी.त नेन कशी? मोटरीत आडवी मावत नाही, बसाले येत नाही. तं त्यानं आपल्या जुन्या टॅक्सीमागं लावाले लाकडाचं घर बनवलं. हे चित्रातल्यासारखं नाही, साधंच — वर ताडपत्री, आत खाट, खाटेच्या उशाले पेटी ठोकलेली, पेटीत पाण्याचं पिंप, तांदूळ, भांडे, औषधं. सगळं तिच्या हाताशी. उसं समोर, पाय मागं, म्हणजे वजन समोर. बरोबर? एकदम बरोबर. दांडी उचलाले दोन माणसं लागत. असं चोख काम साऱ्या जिल्ह्यात कोणी केलं नसन. मी अम्मीले म्हणलं, पाहा, राणीचा पलंग आहे तुमचा —

काय झालं? असं काय पाहून राह्यले? हो. माहीच माय. बिस्मिल्लाबी. निघालं तोंडातून तं निघालं.

तो कोपरा दिसते, रिकामा? तिथं भीमराजची भट्टी होती. लोहार. मोटरीचा हूक त्याचा, दांडी त्याची, दोन्ही जोडाची पिन त्याची — लोखंड त्याच्या हातात लोण्यासारखं वळे. आठ वर्सं आम्ही एका टिनाखाली काम केलं. छप्पनले नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तं घरी जाच्या आधी इथं आला सांगाले, अन् अम्मीनं त्याले शेवया रांधून खाऊ घातल्या. तवा ती हिंडत-फिरत होती. तिले वणीले न्याचं म्हणलं, तं तो म्हणे, मी बी येतो, मी आत बसतो मायपाशी, तुह्यं ध्यान रस्त्यावर राहू दे.

निघाच्या सकाळी आम्ही दोघायनं तिले उचलून खाटेवर ठेवलं. मी दार लावून राह्यलो, तं इचारते, 'युनूस, गाडी का मुँह किधर है?' म्हणलं, वणीकडे, पूर्वेले. 'मतलब मेरे पाँव काबे की तरफ?' आमच्यात, साहेब, काब्याकडे — इथून पश्चिमेले — पाय करून कोणी निजत नाही. धडधाकट माणूस निजत नाही, अन् ती तं एक पाय कबरीत असलेली बाई. म्हणे, खाट फिरव. खाट अन् पेटी एकातच ठोकलेली. फिरवली आम्ही. उसं मागं गेलं, पेटी मागं गेली, पिंप मागं गेलं. भीमराज समोर गेला, त्यानं दांडी उचलून पाह्यली — एका हातानं! — अन् मले बाजूले घेऊन म्हणला, 'युनूसभाई, उलाळ झाली. पेटीचे खिळे काढतो, पाच मिनटं दे, पेटी समोर ठेवू.'

पाच मिनटं मांगतली होती त्यानं. काहून नाही देल्ले मी? अम्मीचं तोंड घडीघडीले सुके, पाणी उशाशी पाह्यजे होतं, हे एक. ऊन चढून राह्यलं होतं, हे दुसरं. अन् खरं सांगू काय — मले वाटलं, मी युनूस, अर्ध्या जिल्ह्याच्या मोटरी माह्या हातावर चालते, मले लोहार वजन शिकवते? म्हणलं, 'माह्या मायचा मामला आहे, भीमराज, तू तुह्यी पिन पाह्य.' तो आत जाऊन बसला. अन् रस्ता का सरळ राहते, साहेब? एका वळणावर काबा डाव्या हाताले येते, दुसऱ्या वळणावर उजव्या. एवढं जरी अम्मीले समजावून सांगतलं असतं, तं ती हसली असती, म्हणली असती, मंग राहू दे जशी होती तशी. नाही सुचलं. नंतर सगळंच सुचते.

पांढरकवड्यापर्यंत बैलाच्या चालीनं नेलं. पुढं एक उतार आहे, लांब, डोळ्याले दिसत बी नाही असा. मले आतून भीमराजचा आवाज येत होता, काहीतरी गोष्ट सांगून राह्यला होता अन् अम्मी हसत होती. मले बरं वाटलं. बरं वाटलं, अन् ॲक्सिलेटरवरचा पाय जरासा जड झाला. तं हातातलं चाक हलकं झालं. मागून एक धक्का डाव्या हाताले, एक उजव्या हाताले. मी ब्रेक दाबला. दाबाचा नव्हता, पण दाबला… घर आडवं झालं अन् नाल्यात गेलं. मी धावत गेलो तं भीमराज ताडपत्री फाडून बाहेर येत होता, दोन्ही हातावर माही माय. पाणी मांगतलं तिनं. पिंप फुटलं होतं. तो रेडिएटरचं पाणी काढाले मोटरीकडे पळाला अन् मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, अन् तो यायच्या आधी ती गेली. तिचे पाय तवा कोणीकडे होते, मले माहीत नाही. मी पाह्यलं नाही.

पिन? पिन साबूत होती. वाकली बी नव्हती. मोटर मोकळी कराले मीच हातोडीनं ठोकून काढली ती.

तिले कशीबशी टॅक्सीत घालून वणीले नेलं. सुग्राखाला दारात उभी, वाट पाहत, नवं लुगडं नेसून. साऱ्या मोहल्ल्याची माणसं जमली. खाला माही कॉलर धरून इचारते, 'कैसे हुआ, युनूस? कैसे?' अन् माह्या तोंडातून निघालं — 'पिन टूट गई.' मले वाटलं, अम्मीच्या हट्टानं झालं असं मयतावर कोणी बोलू नये — नाही. हे खोटं आहे. पाहा, आता बी मी तिलेच पुढं करून राह्यलो. मले माह्या नावाची भीती वाटली, बस. भीमराज बाजूलेच उभा होता, अंगरख्यावर तिचं रक्त. त्यानं माह्याकडे पाह्यलं, एकडाव. मयतीले खांदा देल्ला, कबरस्तानाच्या बाहेर शेवटपर्यंत उभा राह्यला, अन् मी बाहेर आलो तं तो नव्हता.

इथं तो परतला नाही. कोण काम देते त्याले? ज्याची पिन तुटली अन् युनूसची माय मेली तो लोहार! अन् लोक काय बोलले म्हणता? 'धर्म बदलला तं हात बी बदलला.' माह्यासमोर बोलले, या गॅरेजात, मी चहा पीत होतो. मी चहा पीत राह्यलो. चार वर्सं झाले.

तं असं आहे. मी हूक बसवत नाही. चार वर्सात कोणालेच बसवून देल्ला नाही. कोणाले सांगतलं बी नाही, तुम्हाले कायले सांगून राह्यलो, अल्ला जाने. तुम्ही दुसरा कोणी पाहा, अमरावतीले लई मोठे कारखाने — काय? बोला ना, मघापासून काहीतरी बोलाचं होतं तुम्हाले. वणीहून? तुम्ही वणीचे? … हो, खदानी आहे तिथं, माहीत आहे. वर्कशॉपात कोण?

भीमराजनं पाठवलं?

हळू सांगा. परत सांगा. 'हूक अन् पिन मी करून देतो, पण वजन युनूसभाईकडून बसवून घ्या, त्याच्यासारखं या जिल्ह्यात कोणाले येत नाही' — असं म्हणला? याच शब्दात? हसून म्हणला काय? नाही? साधंच? लोखंड अजून तसंच वळते ना त्याच्या हातात? … बरं. बरं. अन् अजून काय म्हणला? माह्याबद्दल? अम्मीबद्दल? काही तं म्हणला असन, साहेब, आठवून पाहा. एखादी शिवी — माणूस आहे तो, एक तरी शिवी देल्ली असन ना मले?

नाही?

हे चित्र घ्या तुमचं. नकाशा बी घ्या. जा. उद्या — नाही, उद्या बी नोका येऊ. जा म्हणतो ना साहेब, जा तुम्ही.