डिस्कांवरचं कुंकू

योगेश : काका, हात मागे घ्या आधी. त्या 'यस'च्या बटणाला हात लावू नका.

यज्ञेश्वर : घेतला. सकाळी स्टुडिओ उघडल्यापासून हे फोटो साठवायचं मशीन कोकलतंय. 'नव्यानं सुरू करू का?' विचारतंय. म्हटलं कर बाबा, या दुकानात कोणाला तरी कामाची हौस आहे.

योगेश : नव्यानं म्हणजे सगळं पुसून. तुम्ही काढलेली सगळी लग्नं कोरी झाली असती.

यज्ञेश्वर : तूच म्हणाला होतास, चारपैकी एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. मग कोण मेलं?

योगेश : कोणीच नाही. चारही ठणठणीत आहेत. कोणीतरी काढून उलटसुलट बसवल्यात. जुनी सिस्टीम आहे, पहिल्या खणातली पहिल्याच खणात लागते. आणि हे कुंकू कसलं?

यज्ञेश्वर : खंडेनवमीचं. नीरजा, बाहेर ये. तुझी पूजा पावली.

नीरजा : अहो, मग करू नको का? कॅमेऱ्यांची केली, कटरची केली, याची का नको? आत केवढी धूळ होती, योगेश. मशीन बंद करून सगळ्या काढल्या, पुसल्या, कुंकू लावलं आणि परत बसवल्या.

योगेश : काकू, त्यांच्यावर मी नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

नीरजा : त्या मळल्या होत्या. खोबरेल तेल लावून काढल्या. एक तर निघता निघत नव्हती.

योगेश : निघू नये म्हणूनच लावली होती.

यज्ञेश्वर : हिच्या हाताखाली काही टिकत नाही. माझा स्वेटर असाच गेला.

योगेश : काका, सीडीवर कॉपी असेल ना? दर महिन्याला काढा म्हणून सांगून सांगून थकलो मी.

यज्ञेश्वर : चार-चार डिस्क असताना सीडी कशाला, असं मला वाटलं.

योगेश : निदान कॅमेऱ्याचं कार्ड?

यज्ञेश्वर : ते पुढच्या लग्नाला वापरलं. कार्डं काय झाडाला लागतात?

नीरजा : उद्या मांजरी गावाहून दीपमाला येणारे अल्बम न्यायला. वैशाखात तिचं लग्न झालं आणि श्रावणात वडील गेले, कोंडीराम. त्या माणसानं जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. लग्नात निघाले तेवढेच. तिला काय सांगू मी? वडील होते, मी पुसले?

योगेश : रडू नका, काकू. अजून काही पुसलं गेलेलं नाही. पण मी अंदाजानं बसवत बसणार नाही. चुकीच्या ओळीनं चालू झालं तर सगळा खिमा होईल. नीट आठवा, काढायला सुरुवात कुठून केली?

नीरजा : उजवीकडून. शुभकामाला डावीकडून कोण सुरुवात करतं?

योगेश : बरं. मग?

नीरजा : काढत गेले तशा ताटात मांडल्या आणि त्याच ओळीनं कुंकू लावलं. आरतीनंतर हाताला आली तशी बसवली. दिसायला सगळ्या सारख्याच की रे.

योगेश : थांबा. प्रत्येकीसाठी कुंकवात परत बोट बुडवलंत?

नीरजा : नाही, एकदाच. वाटीत उरलंच नव्हतं, सगळं कॅमेऱ्यांना गेलं.

यज्ञेश्वर : देवापुढंही काटकसर.

योगेश : काका, दोन मिनिटं गप्प बसा आणि हे बघा. ही गडद. ही त्याहून फिकी, ही अजून फिकी. आणि हिला नुसता डाग.

यज्ञेश्वर : म्हणजे गडद ती उजव्या टोकाची?

योगेश : हो. आणि डागवाली डावीकडची.

(योगेश डिस्क बसवून मशीन चालू करतो. पंखा घुमू लागतो.)

नीरजा : कोकलत नाहीये.

योगेश : नाही. ऑप्टिमल दाखवतंय.

यज्ञेश्वर : मराठीत सांग.

योगेश : सगळं आहे, काका. आता मी आधी कॉपी काढणार, मग नवे नंबर लावणार. तोवर काकू, ते कुंकू पुसू नका.

यज्ञेश्वर : तिनं आता वर्षभर काहीच पुसायचं नाही.

नीरजा : आधी कोंडीराम दाखवा.

यज्ञेश्वर : हे बघ. कसे अवघडून उभे आहेत. हसा म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो होतो. फार ओरडलो.

नीरजा : हसलेत की पुढच्यात.

यज्ञेश्वर : हं. दीपमालेला फोन कर.

नीरजा : उद्या येणारच आहे ती. काय सांगू?

यज्ञेश्वर : काही नाही. सांग, वडील आहेत इथं, सावकाश ये.