केर, केस आणि मी

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात झाडू मारायचा नाही. काहून? विचारायचं नाही! केस धुवायचे नाहीत. काहून? विचारायचं नाही! सुरी, कात्री, सुई हातात धरायची नाही, रडायचं नाही, कोणाला रागवायचं नाही, आणि हे कुठलं नवं वर्ष, तर तुम्हाला सांगते, चीनचं! पाडवा अजून महिनाभर लांब, आम्ही जबलपूरचे मराठी, महाराजपूरच्या कॉलनीत राहणारे... आणि आमच्या दारावर चिनी कागद! हे बघा माझे केस, बघा ना काकू, तुमच्या समोरच्या बर्थवरूनही दिसतील, तेलाने नुसते चिपकलेत, आणि परवा सकाळी मला पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. पहिली नोकरी, अहो, आयुष्यातली पहिली!

आता चीन आमच्या घरात शिरला कसा? तर माझा भाऊ, प्रथमेशदादा, राहतो मलेशियात, पेनांगला. तिथल्याच चिनी मुलीशी त्याने लग्न केलं. सूलिंगवहिनी. गोड बाई! आमच्या सत्यवतीआत्याने पहिल्याच दिवशी तिची सुलू करून टाकली. तर ही सुलू, दादाला सुट्टी नाही म्हणून एकटीच, सणाला पहिल्यांदाच सासरी येऊन राहिली म्हटल्यावर बापू, म्हणजे माझे वडील, फॅक्टरीतून रिटायर झालेले, हाताला काम नाही, हातात मोबाईल आहे... बापूंनी महिनाभर चिनी सणाचे व्हिडिओ पाहिले. "पोरीला परकं वाटायला नको!" अच्छा, पोरीला? मग मी कोण, भाडेकरू?

सणाआधी सगळं घर झाडून घ्यायचं, म्हणजे जुन्या वर्षाची पीडा बाहेर. झाडलं कोणी? मी. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून लाल कापड कोणी आणलं? मीच. मग तो लाल कागद, त्यावर सौभाग्याचं चिनी अक्षर, आणि तो म्हणे उलटा चिकटवायचा. चिकटवला. लगेच शेजारचे पांडेजी हजर. "भैया, आपका कागज उल्टा लग गया है." बापू ताठ मानेने, "उल्टा ही लगता है, पांडेजी." "क्यों?" आता आली का पंचाईत! पण बापू ते बापू. "पूछते नहीं!"

आदल्या दिवशीच्या जेवणात अख्खा मासा लागतो. आमच्या घरात अंडंही कधी आलेलं नाही, म्हणून आईने पनीरचा मासा केला, डोळ्यांच्या जागी मिरे, तोंड बापूंकडे. आणि तो संपवायचा नाही हं! उद्यासाठी उरवायचा, म्हणजे वर्षभर घर भरलेलं राहतं. मला कडकडून भूक लागलेली, मी शेपटीला हात लावते न लावते तोच आत्या, "ए स्वानंदी! घर बुडवतेस का?"

आणि आज सकाळी उगवला तो पहिला दिवस. मी शॅम्पूची बाटली घेऊन निघाले, तर आत्या न्हाणीघराच्या दारात. "आज केस? लक्ष्मी वाहून जाईल बाई!" अहो, आत्याचं स्वतःचं आधीच आहे, सोमवारी नको, गुरुवारी नको, एकादशीला तर नकोच नको. भारत आणि चीनचं बाकी कशावर जमो न जमो, माझ्या केसांवर पूर्ण एकमत!

बरं, केस गेले खड्ड्यात. गाडी दुपारची. मी बॅग बाहेर काढली तर उलट्या कागदाखाली बापू उभे, लाल सदरा घालून. "आज घरातून काही बाहेर जात नसतं. केरसुद्धा नाही. मग घरची मुलगी कशी जाईल? नोकरी थांबेल चार दिवस."

"काहून बापू? रुजू नाही झाले तर दुसऱ्या कोणाला देतील ते!"

"विचारायचं नाही!"

मी तडक स्वयंपाकघरात, वहिनीकडे. म्हटलं, तुमच्यात मुली पहिल्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत? तिने कपाळावर हात मारला आणि इंग्रजीत कुजबुजली, अगं, आम्ही त्या दिवशी घरात असतो कुठे? सकाळपासून या काकांकडे, त्या मामांकडे! यंदा माझ्या आजीच्या नियमांतून सुटावं म्हणून तर मी जबलपूरला आले, आणि दारात तुझे बापू लाल कागद घेऊन उभे!

म्हणजे नियम चिनीसुद्धा नव्हता! बापूंच्या स्वतःच्या फॅक्टरीतला माल!

मी आले बाहेर. "बापू, दादा पेनांगला निघाला तेव्हा तुम्ही स्टेशनवर पेढे वाटले होते. तेव्हा बरं घरातून बाहेर गेलेलं चाललं?"

बापू हळूच म्हणाले, "तो गेला म्हणूनच तर..."

खोटं कशाला बोलू, हलले मी. पण आज थांबले असते तर उद्या आत्याचा वार आडवा आला असता, मग तिथी, मग पाडवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चीन! म्हटलं, "झाडू नाही धरला, सुरी नाही धरली, केस नाही धुतले. सगळं ऐकलं. पण मी केर नाही, बापू. मी जाऊन राहिले."

आणि काय सांगू... सगळे गप्प! बापू गप्प, आई गप्प, आत्या, अहो आमची आत्या गप्प! मला वाटलं, जिंकले! ऑटोत बसेपर्यंत तेच वाटत होतं. तेवढ्यात वहिनी डब्यात पनीरची शेपटी घेऊन धावत आली आणि कानात म्हणाली, "आज रागवायचं नसतं ना. उद्या रागावतील."

तर उद्या सकाळी फोन येईल, तिघांचाही, आळीपाळीने. आणि मी उचलीन. काहून?

...विचारायचं नाही.