छोटा केलेला फॉर्म

डॉक्टर: फोटो काढायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं?

सुदर्शन: दोन. पण कोणाचा काढायचा मॅडम?

डॉक्टर: द्वारकाबाईंचा. वेबसाइटवर 'आमची माणसं' म्हणून पान केलंयस ना, त्यात माझ्याखाली हसतायत बघ, तो. नावही काढ. आणि ते 'एकोणीस वर्षं तुमच्या स्वागताला' तेही.

सुदर्शन: का?

डॉक्टर: तुला वेबसाइटचं काम दिलंय की चौकशी समितीचं?

सुदर्शन: नाही, मला वाटलं सुट्टीवर आहेत. बाहेरच्या टेबलावर कोणी नव्हतं.

डॉक्टर: या सोमवारी किल्ल्या ठेवून गेल्या. मी जा म्हटलं नव्हतं. थांबा पण म्हटलं नाही. चहा घे. मीच केलाय, तेव्हा फार अपेक्षा नको.

सुदर्शन: तुम्ही काय बोललात त्यांना?

डॉक्टर: म्हटलं, खोटं लिहायचंच होतं तर निदान माणूस बघून लिहायचं.

सुदर्शन: असं म्हणालात?

डॉक्टर: असंच. या शैला डॉक्टरची जीभ नारायण पेठेत माहीत आहे सगळ्यांना, तुला नवीन असेल. नासिरभाई म्हणून पेशंट. घोरपडे पेठेत राहतात, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. गेल्या महिन्यात कंबर धरली म्हणून मुलीनं मोबाइलवर तुझा तो फॉर्म भरला. बुधवारी. आपल्याकडे जागा पुढच्या गुरुवारी. तुझ्या कृपेनं आता गर्दी ना! जानेवारीपर्यंत दिवसाला आठ पेशंट, आता अठरा.

सुदर्शन: हं.

डॉक्टर: बुधवारीच बसायची जागा बधीर होती. शनिवारी लघवी अडली. तरी थांबले. का, तर गुरुवारची वेळ मिळालीय. लोकांना वाटतं, डॉक्टरनं वेळ दिली म्हणजे तोवर काही होणार नाही. त्या सोमवारी पायातली ताकद गेली, मग पळापळ, हॉस्पिटल, मणक्याचं ऑपरेशन. सर्जन माझ्या ओळखीचा. म्हणाला, बुधवारीच पाठवला असतास तर पाय वाचला असता. उजवा पंजा उचलला जात नाही आता. ब्रेक कोणत्या पायानं दाबतात रे?

सुदर्शन: उजव्या.

डॉक्टर: हं.

सुदर्शन: पण मॅडम, यात द्वारकाबाई कुठं आल्या?

डॉक्टर: कंबरेचा पेशंट असला की वेळ द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे, हा माझा नियम. लघवी अडते का, बसायची जागा बधीर आहे का, चालताना पंजा घसटतो का. एकाला जरी 'हो' आलं तरी आमच्याकडे फिजिओथेरपीची वेळ द्यायचीच नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. एकोणीस वर्षं हे द्वारकाबाई फोनवर विचारायच्या. पलीकडे परका पुरुष, अलीकडे बाकावर बसलेली पाच माणसं, आणि या विचारतायत लघवीचं. आवाज कधी हलला नाही.

सुदर्शन: माहितीये. ते प्रश्न फॉर्ममध्ये मीच टाकले होते नं.

डॉक्टर: तेच सांगतेय. हा बघ नासिरभाईंचा कागद. तीन प्रश्न, तीनदा 'नाही'. आणि नासिरभाई म्हणतात, आम्हाला कोणी विचारलंच नाही. एवढं होऊन बसल्यावर माणूस खोटं कशाला बोलेल? मग 'नाही' लिहिलं कोणी? आलेले फॉर्म नीट करून छापायचं काम द्वारकाबाईंचं. कंटाळा आला असेल. ठोकलं तीनदा.

सुदर्शन: त्या काय म्हणाल्या?

डॉक्टर: 'मी नाही लिहिलं.' संपलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला.

सुदर्शन: त्यांनी नाही लिहिलं.

डॉक्टर: तू कुठून साक्षीदार आलास?

सुदर्शन: मी लिहिलं.

डॉक्टर: काय?

सुदर्शन: ते तीन 'नाही'. मी. म्हणजे हातानं नाही. थांबा, एकदम सांगतो, मधे बोलू नका, नाहीतर परत अर्धंच सांगीन. जानेवारीत तुम्ही म्हणालात, लोक साइटवर येतात अन् वेळ न घेताच जातात. मी मोजून पाहिलं. शंभर जण फॉर्म उघडत होते. त्यातले साठ त्या प्रश्नांपाशी सोडून जात होते. लघवीचं आलं की बंद. लाज वाटत असेल, कंटाळा येत असेल, काय माहीत. मग मी ते प्रश्न काढले. नाव, फोन, काय दुखतं, कधी येता. बस. आठवड्यात बुकिंग डबल. मी इतका खूश झालो नं मॅडम, रूमवर सगळ्यांना भजी आणली.

डॉक्टर: काढले?

सुदर्शन: दिसायचे बंद केले. पण मागे, जिथं सगळी माहिती साठते, तिथं ते तीन रकाने भरल्याशिवाय बुकिंग सेव्हच होत नव्हतं. एरर यायची. ते कसं सोडवायचं मला येत नव्हतं. मी काही कॉलेजात शिकलो नाही हे, व्हिडिओ पाहून पाहून शिकलो. वाशीमला तर नेटसुद्धा धड नव्हतं. तर मी त्या रकान्यांत आधीच 'नाही' भरून ठेवलं. एरर गेली.

डॉक्टर: कोणाच्या रकान्यांत?

सुदर्शन: सगळ्यांच्या. जो येईल त्याला तीनदा 'नाही'.

डॉक्टर: जानेवारीपासून?

सुदर्शन: हो.

डॉक्टर: आणि मी रोज सकाळी ते कागद चाळून म्हणत होते, वा, धोक्याचं कोणीच नाही.

सुदर्शन: मला वाटलं, द्वारकाबाई फोन करून विचारतातच.

डॉक्टर: त्यांना वाटलं फॉर्म विचारतो. तूच सांगितलं होतंस ना त्यांना, मावशी, आता तुम्हाला ते अवघड प्रश्न विचारायला नकोत, मशीन विचारेल?

सुदर्शन: हो. तेव्हा विचारत होतं.

डॉक्टर: आणि मला न विचारता काढलेस?

सुदर्शन: विचारलं होतं.

डॉक्टर: कधी?

सुदर्शन: मी माझ्या बचावासाठी नाही सांगत आहे. पण विचारलं होतं. तुम्ही एका आजींच्या खांद्याला मशीन लावत होता. मी दारातून म्हटलं, मॅडम, फॉर्म लांब होतोय, छोटा करू का? तुम्ही म्हणालात, कर बाबा काय करायचं ते, लोक आले पाहिजेत.

डॉक्टर: असं म्हणाले मी?

सुदर्शन: काय छोटं करणार ते मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाही.

डॉक्टर: मी तो फॉर्म कधी उघडूनही बघितला नाही. माझ्याच दवाखान्यात मी वेळ कशाला घेऊ? वेबसाइट उघडते ती माझा फोटो बघायला. खोटं कशाला बोलू.

सुदर्शन: फोटो चांगला आहे.

डॉक्टर: गप्प बस. तुला हे कधी कळलं?

सुदर्शन: आत्ता तुम्ही सांगताना सगळं कळलं. पायाचं वगैरे.

डॉक्टर: मी पायाचं नाही विचारलं.

सुदर्शन: मंगळवारी. द्वारकाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सुदर्शन, तुझ्या कॉम्प्युटरला विचार रे, ते 'नाही' मी लिहिलं का. मी म्हटलं, पाहतो.

डॉक्टर: मग?

सुदर्शन: पाहायचं काय होतं? मला माहीतच होतं. फोन ठेवला आणि मोबाइल उशीखाली घातला.

डॉक्टर: आज शुक्रवार आहे.

सुदर्शन: हो.

डॉक्टर: तुला कळल्यावरही तीन दिवस ती बाई चोर म्हणून घरी बसलीय. आणि तू येऊन मला विचारतोस, कोणाचा फोटो काढायचा?

सुदर्शन: भीती वाटली मॅडम. तुमचं काम दाखवून मला अजून चार डॉक्टर मिळालेत. सगळ्यांना मी हेच सांगतो, फॉर्म छोटा केला, बुकिंग डबल. रोज ठरवलं आज सांगू. आज सकाळी साइटवर प्रश्न परत टाकले, 'नाही' काढून टाकलं. वाटलं, गुपचूप दुरुस्त करू, मग सांगायची गरज... हो, असंच वाटलं. अन् तुम्ही फोटो काढ म्हणालात.

डॉक्टर: काढला असतास?

सुदर्शन: माहीत नाही. दोन मिनिटांचंच काम होतं.

डॉक्टर: फोन लाव त्यांना. तुझ्या नाही, माझ्या फोनवरून. स्पीकरवर टाक.

(घंटी बरीच वाजते.)

द्वारकाबाई: बोला डॉक्टर.

डॉक्टर: द्वारकाबाई, घरीच आहात ना?

द्वारकाबाई: विश्रांतवाडीत. दुसरीकडं कुठं जायचं होतं?

डॉक्टर: माझं चुकलं.

द्वारकाबाई: काय चुकलं ते सांगा. नुसतं चुकलं काय, गर्दीत पाय पडला तरी म्हणतात.

डॉक्टर: तुम्ही खोटं लिहिलं असं म्हणाले. तुम्ही लिहिलं नव्हतं. पेशंट ऐकत असताना म्हणाले, तेही चुकलं. सुदर्शन इथंच आहे, त्याला बोलायचंय.

सुदर्शन: मावशी, ते मी...

द्वारकाबाई: मला ठाऊक हाय.

सुदर्शन: काय?

द्वारकाबाई: मंगळवारीच कळलं. अरे, एकोणीस वर्षं फोनवर ऐकतेय मी. 'लघवीला काही त्रास?' विचारलं की माणूस जरा थांबतो, मग म्हणतो, नाही. ते थांबणं ऐकायचं असतं. शब्द काय, कोणी पण बोलतं. तू 'पाहतो' म्हणायच्या आधी किती थांबलास.

डॉक्टर: मग मला का नाही सांगितलंत?

द्वारकाबाई: तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही मला सांगितलंत.

डॉक्टर: बरोबर आहे.

द्वारकाबाई: आता ते राहू द्या. सुदर्शन, असे किती लोक हायत? ज्यांना विचारलंच नाही आणि वेळ दिलीय?

सुदर्शन: जे येऊन गेले त्यांना मॅडमनी तपासलंय. यायचे राहिलेत ते, कंबरेचे, एकोणचाळीस.

द्वारकाबाई: यादी पाठव. नाव, नंबर, वय. मी इथूनच फोन लावते. कोणी अडखळलं तर डॉक्टर, तुम्हाला कळवते, तुम्ही लगेच बोला त्याच्याशी.

डॉक्टर: तुम्ही इकडे या ना. रिक्षानं या. टेबल तुमचंच आहे.

द्वारकाबाई: फोन करते म्हटलं. त्या लोकांसाठी करते. टेबलाचं मी अजून काही बोलले नाही.

डॉक्टर: बरं.

सुदर्शन: मावशी, यातले निम्मे मी करतो. मलाही विचारता येईल.

द्वारकाबाई: तुला नाही येणार. तू घाईत विचारशील आणि 'नाही' ऐकलं की सुटल्यासारखं करशील. ते शिकवीन कधीतरी. नासिरभाईंना सांगितलं का कोणी?

सुदर्शन: काय?

द्वारकाबाई: हेच. जे आत्ता मला सांगत होतास.

डॉक्टर: नाही अजून.

द्वारकाबाई: काल गेले होते मी त्यांच्याकडं. थोडी मटकीची उसळ घेऊन. डॉक्टर, तुम्ही त्यांना फोनवर म्हणालात ना, तुमच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलंय?

डॉक्टर: म्हणाले. मला वाटलं, त्यांना माहीत असावं.

द्वारकाबाई: फॉर्म त्यांच्या मुलीनं भरला होता. सकीनानं. बारावीला हाय. बसमधून कॉलेजला जाता जाता भरला. आता ती म्हणते, मावशी, मला प्रश्न आठवत नाहीत, पण कागदावर 'नाही' आलंय म्हणजे मीच दाबलं असणार. गर्दीत न वाचता दाबलं असणार. अब्बूंना विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही.

सुदर्शन: पण तिला प्रश्न दिसलेच नव्हते!

द्वारकाबाई: ते तिला कुठं माहीत हाय? मी सांगायचं तर माझ्याकडं तुझं ते थांबणं सोडून काय होतं? बापाच्या पायाला रोज तेल लावते, तेव्हा त्यांच्याकडं बघत नाही. आई सांगत होती, जेवणाचं पान तसंच असतं. बाप म्हणतो, बेटा, जाऊ दे. म्हणजे त्याला पण तसंच वाटतंय.

डॉक्टर: सुदर्शन, बस खाली. पाणी घे.

सुदर्शन: मी मंगळवारी बोललो असतो तर...

द्वारकाबाई: तर तिचे तीन दिवस वाचले असते. पाय नसता वाचला. उगाच सगळं अंगावर घेऊ नकोस, जेवढं हाय तेवढंच घे. ते पण कमी नाही.

सुदर्शन: फोन करू का तिला?

द्वारकाबाई: फोन नको. समोर जा. मशिदीच्या मागची गल्ली, खाली चक्की हाय, वर पहिला मजला. ती पाचला येते घरी.

डॉक्टर: मी येते त्याच्याबरोबर. कागदाचं मी बोलले होते.

द्वारकाबाई: या की. पण बोलू द्या त्याला. तुम्ही बोलायला लागलात की समोरचं माणूस ऐकून घेतं नुसतं.

डॉक्टर: हो.

सुदर्शन: मावशी, सुरुवात कशी करू? आधी नासिरभाईंची माफी मागू ना?

द्वारकाबाई: आधी पोरीला सांग. जिन्यातच गाठ तिला, पायातल्या चपला काढायच्या आत सांग. नासिरभाईंना मग सावकाश सांगितलंस तरी चालेल. ते आता घरीच असतात.