मला काय ठाऊक, असं मी म्हणाले

आमचं घर पेडण्याचं. बाबांची काजूची भाटी, म्हणजे रस आंबवून, उकळून फेणी काढायची ती, आणि आम्ही भावंडं तिथंच धूर खात, लाकडं सारत मोठी झालो. लग्न होऊन साखळीला आले, हायस्कुलात प्रयोगशाळेत कामाला लागले, काचेची भांडी धुवायची, कपाटं पुसायची. इथं भाटीचं कोणाला सांगितलं नाही. दारूवाल्याची मुलगी म्हणतील, दुसरं काय.

गेल्या वर्षी विज्ञानाचे सर प्रयोगशाळेतच दहावीला कच्च्या तेलाचं शिकवत होते, मी मागं भांडी पुसत होते. काळं तेल तापवतात, वाफ उंच मनोऱ्यात चढते, खाली गरम, वर थंड, मग जड ते तळाशी राहतं, त्याचं डांबर, वर डिझेल, त्याच्यावर रॉकेल, मग पेट्रोल, आणि टोकाला गॅस. एकाच तेलातून एवढं वेगळं कसं, ते मुलांना पटेना. तेव्हा वर्षा उठली, मुकाट बसणारी मुलगी, म्हणाली, सर, माझ्या आजोळी पेडण्याला भाटी आहे, तिथं पण आधी कडक येतं, मागाहून पाणचट, म्हणून आजो मधेच भांडं बदलतो, तसंच ना हे?

काय सांगू तुम्हाला, अगदी बरोबर बोलली. पण वर्ग हसला, कोणी म्हणाला, हिला पेला द्या रे. सर माझ्याकडे वळले, ताई, तुम्ही पेडण्याच्या ना, असंच असतं का? भांडं कधी बदलायचं ते मी आठव्या वर्षी वासावरून सांगायची. आणि मी म्हणाले, मला काय ठाऊक सर, आमच्यात नाही ते.

ती खाली बसली. पुढं वर्षभर हात वर केला नाही तिनं.

परीक्षेच्या आधी नळावर एकटी भेटली. म्हटलं, गो, तुझं खरं होतं, माझ्या बाबांची भाटी होती. तर म्हणते, ठाऊक आहे ताई, आजो तुमच्या बाबांकडेच शिकला. म्हटलं, मग वर्गात बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात ना.

एवढंच बोलली आणि बाटली भरून गेली. माझ्यापायी हसं झालं तिचं, आणि वर मलाच झाकलं तिनं. सरांना अजून सांगितलेलं नाही, खोटं कशाला बोलू. ती आता कॉलेजात जाते, स्टँडवर दिसली की हसते, मीच दुसरीकडे बघते. देव बरं करो तिचं.