मधल्या किमतीचा पान्हा

दातांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाईंचा गाल टम्म सुजला होता. बोलायची सोय नव्हती, म्हणून त्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन मेकॅनिकांचं ऐकत होत्या. दाढ दुखत होती थोरल्याची. त्याचा मेव्हणा नुसता सोबतीला आला होता.

"दाजी, तो महागातला पान्ह्यांचा सेट घेऊन टाका आता."

"कशाला? वीस वर्षं मधल्या किमतीचे वापरतोय. माझं कधी काही अडलं नाही."

"परवा घसरला की. नटाचे कोपरे गेले, नट पार गोल झाला."

"नटच गंजलेला होता. पान्हा काय करणार त्याला?"

"मग?"

"मग काय, छिन्नी लावली, चार घाव घातले. आला बाहेर."

"गाडीवाला डोळे मिटून उभा होता."

"त्याला काय कळतंय? हत्यार कसलंही असू दे, हात पाहिजे."

आतून नर्स आली.

"दाढ काढायचीय ते कोण? चला."

"सिस्टर, एक विचारू का? डॉक्टरांची पक्कड भारीतली असते ना?"

"छे, मधल्या किमतीची. पण हात चांगला आहे त्यांचा."

"घसरत नाही ना?"

"दाढ किती किडलीय, त्यावर आहे ते."

"घाबरताय काय, दाजी? छिन्नी असेलच की आत."

दाजींनी रुमाल गालावर दाबला आणि ते शिक्षिकाबाईंकडे वळले.

"ताई, तुमची सूज जास्त दिसतेय. तुम्ही जा आधी."